गेटवरची रांग आणि घरातलं म्हातारपण

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरजवळच्या बुटीबोरीत फॅब्रिकेशनचा (लोखंड कापून-जोडून सांगाडे बनवण्याचा) लहान कारखाना, ४६ कामगार, त्यातले १९ जण पन्नाशी ओलांडलेले. मालक विचारतात: "भारत तरुणांचा देश म्हणतात, मग माझ्या गेटवर वेल्डर-फिटर का येत नाहीत? जन्मदर घटल्याचाच हा परिणाम आहे का? आणि पुढच्या दहा वर्षांत काय होईल?"

मी ३१ वर्षं हिंगणा आणि बुटीबोरीतल्या कारखान्यांत कामगार विभाग सांभाळला. भरती केली, मस्टर पाहिलं, शेकडो लोकांना शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. त्या अनुभवावर सांगतो.

आज तुमच्याकडे वेल्डर येत नाही, त्याचा जन्मदराशी फारसा संबंध नाही. जन्मदराचा फटका अजून यायचा आहे. म्हातारपणाचा फटका मात्र बसू लागलाय, आणि तो गेटवर दिसत नाही. तो मस्टरच्या गैरहजेरीच्या रकान्यात आणि राजीनाम्यांच्या फाइलीत दिसतो. या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या तरच काय करायचं ते कळेल.

आधी हिशेब. एक पिढी जाऊन तेवढीच दुसरी उभी राहायची, तर दर बाईमागे सरासरी २.१ मुलं लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९२-९३ साली भारताचा आकडा ३.४ होता. २०१९-२१ मध्ये तो २.० झाला. महाराष्ट्र तर २००५-०६ मध्येच २.१ वर आला होता आणि २०१९-२१ मध्ये १.७ वर. म्हणजे आज विशीतला जो मुलगा तुमच्या गेटवर यायला हवा, तो जन्मला तेव्हाच आपलं राज्य काठावर होतं. त्याच्यामागून येणाऱ्या मुलांची संख्या त्याहून कमी. जनगणनेतही हे दिसतं: महाराष्ट्रात ०-६ वयाची मुलं २००१ मध्ये सुमारे १ कोटी ३७ लाख होती, २०११ मध्ये १ कोटी ३३ लाख. राज्याची लोकसंख्या वाढत असताना लहान मुलं घटली.

हा बदल पायरी-पायरीनं वर चढतो. आधी अंगणवाडीत मुलं कमी होतात, मग जिल्हा परिषदेच्या शाळेची पटसंख्या घसरते, मग आयटीआयच्या जागा रिकाम्या राहतात, आणि सगळ्यात शेवटी कारखान्याच्या गेटवर कळतं. काटोल-नरखेडकडच्या कोणत्याही गुरुजींना विचारा. पटसंख्येची काळजी त्यांच्या वाट्याला कधीच आलीय. त्यात खासगी शाळांकडे गेलेली मुलं आहेत, शहरात आलेली कुटुंबं आहेत, हे मान्य. पण सगळीच तशी नाहीत.

तरीही देशात आज कामाच्या वयाची माणसं भरपूर आहेत. २०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालाच्या अंदाजानुसार २० ते ५९ वयोगटाचा लोकसंख्येतला वाटा २०४१ च्या सुमारास शिखरावर पोचेल, सुमारे ५९ टक्के. मग गेट रिकामं का? नागपुरातल्या एखाद्या अभ्यासिकेत सकाळी सात वाजता जाऊन बघा, जागा मिळत नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. ही पोरं आळशी नाहीत. बारा तास उभं राहून, ठेकेदाराच्या नावावर, पीएफ वेळेवर भरला जाईल की नाही याची खात्री नसलेली नोकरी त्यांना नको आहे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.

ही टंचाई बरीचशी आपणच तयार केली, हे आपल्या धंद्यातल्या लोकांनी स्पष्ट कबूल केलं पाहिजे. बुटीबोरी वसाहत नव्वदीच्या दशकात वाढली, तेव्हा कारखान्यांनी एकदम भरती केली, बावीस-पंचविशीतली पोरं घेतली. ती सगळी आता पन्नाशी पार करून अठ्ठावन्नच्या दिशेनं निघालीत. मधल्या काळात कायम भरती थांबली आणि जागा ठेक्यावर भरल्या. ठेक्यावरचा मुलगा वर्ष-दोन वर्षांत निघून जातो, तो काय शिकणार आणि त्याला कोण शिकवणार? तुमच्या ४६ जणांच्या जन्मतारखा एका कागदावर मांडा. वर पन्नाशीचा गठ्ठा दिसेल, खाली विशी-पंचविशीची ये-जा दिसेल, आणि मधे पस्तीस ते पंचेचाळीस वयाचं भगदाड.

ठेकेदार म्हणेल, काळजी करू नका, बाहेरून माणसं आणतो. आजवर आणलीच आहेत. नागपूरची अर्धी बांधकामं बालाघाट, शिवनी, छिंदवाडा आणि छत्तीसगडच्या मजुरांच्या हातची. पण त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेश दर बाईमागे २.० मुलांवर आहे आणि छत्तीसगड १.८ वर. म्हणजे जिथून माणूस आणायचा तिथलाही झरा आटतोय. उरलं बिहार, ३.० वर, आणि उत्तर प्रदेश, २.४ वर. त्या दोन राज्यांकडे सगळा देश हात पसरून उभा आहे. शिवाय पंधरा-वीस वर्षांत तिथलाही आकडा खाली येणार.

दुसरीकडून ओढ परदेशाची. जपानमध्ये दर दहा माणसांत जवळपास तीन जण ६५ च्या पुढचे आहेत. भारताशी त्यांचा कुशल कामगारांचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. जर्मनीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांचे वर्षाचे व्हिसे २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. वेल्डर, इलेक्ट्रिशियन, नर्स, म्हणजे तुम्हाला हवीत तीच माणसं. त्यांच्या म्हातारपणाची मागणी आपल्या आयटीआयपर्यंत पोचली आहे. जाणाऱ्या पोरांचं मला कौतुक वाटतं. तुम्ही मात्र हे गृहीत धरून चाला की चांगल्या वेल्डरसाठी तुमची स्पर्धा आता शेजारच्या प्लॉटशीच राहिलेली नाही.

आता गैरहजेरीच्या रकान्याकडे येतो, कारण याबद्दल कोणी फारसं बोलत नाही आणि मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कारखान्यात होतो, तिथे तपासणी विभागात एक ताई होत्या. वय ४४, नोकरी सोळा वर्षांची. मायक्रोमीटर त्यांच्या हातात खेळायचा. ड्रॉइंगमधली चूक त्या जॉब, म्हणजे घडवायचा भाग, मशीनवर चढण्याआधी पकडायच्या. एका सोमवारी रेघी कागदावर लिहिलेला राजीनामा घेऊन माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या. सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. "दोन दीर हायेत जी, एक पुण्याले, एक हैदराबादले. इथं राहिलो आमीच. म्हातारीले एकटं कसं सोडू साहेब?" बारा तासांसाठी बाई ठेवायची तर पगाराचा निम्म्याहून जास्त हिस्सा तिथेच गेला असता. त्यांना दोन-तीन महिने अर्धा दिवस काम दिलं असतं तर त्या टिकल्या असत्या. आमच्या नियमात तसलं काही नव्हतं. मी राजीनामा पुढे पाठवला. त्यांच्या जागी आलेल्या मुलाला ते काम जमायला दीड वर्ष लागलं, आणि त्या दीड वर्षात परत आलेला माल मला अजून आठवतो.

जन्मदर घटणं आणि वय वाढणं एकत्र आलं की घराघरात नेमकं हेच घडतं. पूर्वी आईवडिलांना सांभाळायला चार-पाच भावंडं असायची. आता एक किंवा दोन, आणि त्यातलं एक बाहेरगावी. बजाज नगर, धरमपेठ, लक्ष्मीनगर भागात फिरा, मोठ्या घरांत दोनच म्हातारी माणसं दिसतील, मुलं बंगळुरूला किंवा अमेरिकेला. कामगार वस्तीत ती सोय नाही. तिथे म्हातारपण त्याच दोन खोल्यांत असतं आणि त्याचा भार पंचेचाळिशीतल्या सुनेवर किंवा लेकीवर पडतो. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. शहरांत पंधरा वर्षांवरच्या बायकांतल्या कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या २०२३-२४ मध्ये जेमतेम २८ टक्के होत्या. म्हणजे हात कमी पडतील अशी आपल्याला भीती वाटते, आणि त्याच वेळी निम्म्या हातांतले बहुतेक घरात अडकलेले आहेत. महाराष्ट्रात ६० वर्षांवरची माणसं २०११ मध्येच दहा टक्क्यांच्या जवळ होती. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२३ चा अहवाल सांगतो की देशात हे प्रमाण २०५० पर्यंत जवळपास २१ टक्के होईल. सासूबाई पडण्याचे प्रसंग आता कमी होणार नाहीत, वाढणार आहेत.

"मुलं जास्त होऊ द्या" हा सल्लाही आता ऐकू येतो. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरातल्याच एका कार्यक्रमात सरसंघचालक मोहन भागवत यांनी प्रजनन दर २.१ च्या खाली जाऊ नये असं मत मांडलं. कोणी किती मुलं होऊ द्यावीत हा त्या जोडप्याचा प्रश्न. कामगारांच्या हिशेबापुरतं बोलायचं तर आज जन्मलेलं मूल वीस वर्षांनी गेटवर येणार. त्या वीस वर्षांचं काय, हा प्रश्न उरतोच. दक्षिण कोरियानं वर्षानुवर्षं प्रचंड पैसा ओतला, तरी २०२३ मध्ये त्यांचा दर ०.७२ वर गेला. बाईला नोकरी आणि मूल यांतलं एकच निवडावं लागत असेल तर अनुदानानं फार फरक पडत नाही.

दुसरा धोका तुमच्या १९ जणांच्या हातात आहे. कारखान्यातला एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे एक फिटर काका होते, शिक्षण आठवी. चार मीटरची बेस फ्रेम आली की ते आधी खडू घेऊन तिच्याभोवती फिरायचे. प्रत्येक जोडावर आकडा लिहायचे: एक इकडे, दोन समोरच्या कोपऱ्यात, तीन पुन्हा मधे. मग दोन टोकांखाली पातळ शिम (पत्र्याच्या पट्ट्या) सरकवायचे, म्हणजे फ्रेम मुद्दाम किंचित उलट्या बाजूला वाकलेली राहील. वेल्डर त्या आकड्यांच्या क्रमानंच वेल्ड मारायचा. जॉब थंड झाला की वेल्ड ओढायचं आणि फ्रेम आपोआप सरळ व्हायची. शिम किती जाडीची, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. प्लेट बघून ते ठरवायचे. ते रिटायर झाले, आणि पुढच्याच महिन्यात दोन फ्रेम पिळल्या. गॅसनं तापवून, ठोकून सरळ करण्यात आठवडा गेला. शेवटी मी काकांना फोन केला. ते मानेवाड्याहून बसनं आले, खडू मागितला आणि पोरांना म्हणाले, "काहून घाई करता बे, लोखंडाले बी वेळ लागते."

वय वाढलं म्हणजे कामगार निकामी झाला, हा समज चुकीचा आहे. ताकद आणि वेग कमी होतो, नजर बदलते; पण अंदाज आणि चूक आधी ओळखण्याची सवय वाढते. म्हणून जागा वयाप्रमाणे बदलावी लागते. जर्मनीत डिंगोल्फिंगच्या कारखान्यात बीएमडब्ल्यूनं २००७ मध्ये एका लाइनवर मुद्दाम सरासरी ४७ वयाचे कामगार ठेवले आणि त्यांनाच विचारून सुमारे ७० लहान बदल केले. सिमेंटऐवजी लाकडी फरशी, बसायला खुर्ची, बारीक भाग बघायला भिंग. खर्च किरकोळ होता, आणि वर्षभरात त्या लाइनची उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. तेवढं लांब जायचं नसेल तर आसाम बघा. तिथल्या चहाच्या मळ्यात चाळिशीपुढच्या कामगारांना जवळचा चष्मा दिला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चष्मेवाल्यांचं काम, चष्मा न मिळालेल्यांपेक्षा वीस टक्क्यांहून जास्त वाढलेलं आढळलं. आपल्याकडे व्हर्नियरचा, म्हणजे मोजपट्टीवरचा बारीक आकडा न दिसणारा माणूस वर्षानुवर्षं अंदाजानं काम करतो, कारण दिसत नाही म्हटलं तर काढून टाकतील असं त्याला वाटतं. एक दिवस डोळ्यांचं शिबिर घ्या, चष्मे कारखान्याच्या खर्चानं द्या, आणि आधीच जाहीर करा की यावरून कोणाचीही नोकरी जाणार नाही.

नागपुरात आणखी एक गोष्ट जपावी लागते, ती म्हणजे मे महिना. ४५ अंशांत पत्र्याच्या शेडखाली, वर वेल्डिंगची आग. पन्नाशीनंतर शरीर घाम टाकून लवकर थंड होत नाही, तहानही उशिरा कळते, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होऊन शरीरातलं पाणी कमी होतं. या लोकांची गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना दाखवून सल्ला घ्यायचा. एप्रिल ते जून जड काम पहाटेच्या पाळीत घ्या, दुपारी त्यांना मार्किंग, तपासणी, शिकवणं द्या. पाणी मागायची वाट बघू नका, दर अर्ध्या तासानं जागेवर पोचवा.

पैशांचंही बोललं पाहिजे, कारण अठ्ठावन्न झाल्यावर हा माणूस कुठे जातो हे त्यावरच ठरतं. खासगी कामगाराची पीएफबरोबरची ईपीएस-९५ पेन्शन म्हणजे पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये. म्हणजे ३५ वर्षांच्या सेवेचेही साडेसात हजार. त्याआधीच्या सेवेला ६,५०० ची मर्यादा होती, त्यामुळे वाढीव पगारावरचा पर्याय न घेतलेल्यांना प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतात. किमान पेन्शन हजार रुपये. एवढ्यावर दोन माणसांचं औषधपाणी होत नाही. म्हणून तीस वर्षं फ्रेम सरळ करणारा माणूस मनीष नगरच्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये रात्रीचा वॉचमन होतो. मी असे किमान सात-आठ जण ओळखतो. हे बघून मला फार वाईट वाटतं. त्या माणसाचा अपमान आहेच, आणि आपलाही तोटा आहे. ज्या शहरात एम्प्रेस मिलनं १९ व्या शतकातच कामगारांसाठी पेन्शन फंड काढला होता, त्या शहरात आपण एवढं तरी करू शकतो.

"म्हाताऱ्यांना ठेवलं तर पोरांच्या जागा अडतील" असं युनियनचे लोक म्हणतील. सरकारी कार्यालयात, जिथे मंजूर पदं मोजलेली असतात, तिथे ही भीती खरी आहे. तुमच्या कारखान्यात उलट होतं. फ्रेम वेळेवर गेली तर पुढची ऑर्डर येते, आणि ऑर्डर आली तर दोन पोरं जास्त लागतात.

तर आता काय करायचं. तो जन्मतारखांचा कागद घ्या. पुढच्या पाच वर्षांत ५८ पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे लिहा: हा काय करतो, आणि ते काम आणखी कोणाला येतं. जिथे दुसरा रकाना रिकामा आहे, तिथून सुरुवात करा. त्या माणसाला निवृत्तीनंतर दोन वर्षं आठवड्यातले तीन दिवस शिकवायला ठेवा, शिकवण्याचा वेगळा पगार द्या, आणि त्याच्या हाताखाली दोन अप्रेंटिस नेमा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं कायद्यानं बंधनकारक आहेच. बहुतेक जण त्यांना झाडू मारायला लावतात. तसं करू नका. ज्या पोरानं वर्षभर काकांच्या मागे खडू घेऊन फिरून काम शिकलं, त्याला ठेकेदाराच्या हाती न देता कायम करा. तुमच्या वयाच्या कागदावरचं भगदाड दुसऱ्या कशानं भरणार नाही.

बायकांना वेल्डिंगवर घ्या. बारीक टिग वेल्डिंगला स्थिर हात लागतो, बळ नाही. त्यासाठी स्वच्छ संडास, संध्याकाळी बुटीबोरीहून शहरापर्यंत बस, आणि जवळच्या चार-पाच कारखान्यांनी मिळून एक पाळणाघर हवं. पाळणाघर ५० माणसांपासून बंधनकारक आहे आणि तुम्ही ४६ वर आहात, तरीही करा. त्याच जागेत दिवसभर बसता येईल अशी म्हाताऱ्यांची एक खोली काढता आली तर मी स्वतः येऊन मदत करीन. तोवर आपल्या कारखान्याच्या नियमांत एवढं तरी लिहा: घरात आजारी किंवा पडलेलं माणूस असेल तर तीन महिने अर्धी पाळी, नोकरी शाबूत.

आणि या वर्षी जे रिटायर होणार आहेत त्यांचं एक काम निरोपाच्या आधी उरका. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, किमान पाच वर्षं राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचं आणि जोडीदाराचं औषधपाणी चालू ठेवता येतं. बहुतेकांना हे कोणी सांगतच नाही. शेवटच्या महिन्यात अर्ज भरून घ्या, पहिल्या वर्षाचे १२० रुपये तुम्हीच भरा, आणि पावती शालीबरोबर हातात द्या.